गंजी पाहायला दोघांनाही बोलवा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हांला माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. वकिलाने आपली चूक जाहीरपणे सांगावी, असा काही आमच्या धंद्याचा रिवाज नाही. पण ज्या विषयावर बोलायला मला बोलावलं आहे, तो विषय त्या चुकीशिवाय मला नीट सांगता येणार नाही. विषय आहे व्यापारातले तंटे, ते सोडवणारे लवाद, आणि त्या लवादापुढे दोन्ही बाजूंना मिळायला हवी असलेली समान संधी.

2005-06 चा हंगाम होता. कापूस एकाधिकार खरेदी योजनेची पकड तोवर सुटली होती आणि बुलडाणा जिल्ह्यातले खासगी जिनिंगवाले पुन्हा थेट कापूस घेऊ लागले होते. घाटाखालच्या एका गावातला एक छोटा व्यापारी, गावोगाव फिरून खेडा खरेदी करणारा. त्याने 80 क्विंटल कापूस एका जिनिंग फॅक्टरीला दिला. भाव आधी ठरला होता. गाड्या रिकाम्या झाल्या, वजन झालं, आणि हिशेबपट्टी हातात पडली तेव्हा क्विंटलमागे 250 रुपये कापलेले होते. 150 रुपये ओलाव्याचे आणि 100 रुपये कवडीचे. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. एकूण फरक 20 हजारांचा. मोठ्या कारखानदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण त्या माणसाची ती हंगामाची कमाई होती.

सौद्याच्या चिठ्ठीमागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, की वाद झालाच तर तो लवादामार्फत सोडवावा. दोघंही मला ओळखत होते. दोघांनी राजीखुशीने माझं नाव लिहून दिलं. कापूस थांबत नाही म्हणून मीही लगेच कामाला लागलो. दोघांना समोरासमोर बसवून त्यांचं म्हणणं ऐकलं, चिठ्ठ्या-पावत्या पाहिल्या. शेठजी म्हणाले, "वादातला कापूस मी वेगळा गंजी लावून ठेवला आहे, केव्हाही या आणि पाहून जा."

दोन दिवसांनी दुसऱ्या एका कामासाठी मी त्याच रस्त्याने निघालो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. मनात आलं, वाटेतच आहे, तर गंजी पाहून घेऊ. फाटकातून आत गेलो. शेठजींनी गंजी दाखवली. मी हात घालून पाहिलं, कापूस हाताला ओलसर लागला. त्यांच्या माणसाने ओलावा मोजायचं यंत्र लावलं. आकडा 14 च्या वर गेला. कवडीही दिसत होती. मग कार्यालयात बसून चहा झाला आणि मी निघालो. आठवडाभरात निवाडा लिहिला. कपात योग्य आहे, मागणी फेटाळण्यात येते. मनाला अगदी स्वच्छ वाटत होतं. कुणाचा पैसा घेतला नव्हता, कुणाची भीड धरली नव्हती. डोळ्यांनी माल पाहून निकाल दिला होता.

निवाड्याची प्रत मिळाली तसा तो व्यापारी माझ्याकडे आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, "वकीलसायेब, पैशाचं जाऊ द्या. पन तुमी गंजी पाह्यली तवा मले काहून नाई बलावलं?"

मी म्हटलं, "भाऊ, मी माल पाहायला गेलो होतो. त्यात तुमचं काय काम?"

तो म्हणाला, "डिसेंबरात सकायी आठले कापसात हात घालसान तं वलाच लागन नं! दव पडलेलं असते. दुपारी पाहाले पाह्यजे व्हतं. आन् ते गंजी माह्यीच व्हती, हे तुमाले कोनं सांगतलं?"

श्रोतेहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंजी त्याचीच होती हे मला शेठजींनी सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला मी विचारलंच नव्हतं. दवाची गोष्ट मला सुचायला हवी होती, मी काही मुंबईत वाढलेला नव्हे. पण सुचली नाही. ती सांगू शकणारा माणूस त्या वेळी तिथे नव्हता. आणि तो तिथे नव्हता, कारण मी त्याला बोलावलं नव्हतं.

कायद्यात मालाचाही उल्लेख आहे

तो गेल्यावर मी कपाटातून 1996 चा लवाद आणि समेट कायदा काढला. कलम 24 चं दुसरं पोटकलम वाचलं. लवाद जेव्हा सुनावणी घेईल, किंवा कागदपत्रं, माल अथवा इतर मालमत्ता पाहण्यासाठी बैठक घेईल, तेव्हा पक्षकारांना पुरेशी आगाऊ सूचना दिली पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. मालाचा उल्लेख त्या कलमात आहे. ते कलम मी पूर्वी दहा वेळा वाचलं असेल. पण वाचताना मला बंदरावरच्या पेट्या आणि मोठ्या कंपन्यांची गोदामं दिसायची, आपल्या रस्त्यावरची गंजी कधी दिसली नव्हती.

त्याने जिल्हा न्यायालयात अर्ज केला आणि दोनएक वर्षांनी माझा निवाडा रद्द झाला. मला वाईट वाटलं, पण निकालात चूक काढायला जागा नव्हती. मग दोघांनी मिळून दुसरा लवाद नेमला. त्या गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत एक साधा प्रश्न विचारला, जो मी विचारला नव्हता. माल उतरला तेव्हा नमुना काढला होता का? तेव्हा कळलं, की दलालाकडे एक पिशवी होती, सील लावलेली, दोघांच्या सह्या असलेली. ती पिशवी दोघांसमोर उघडली गेली. त्या गंजीत आणखी दोघांचा कापूस मिसळला होता, हेही फॅक्टरीच्या मापाऱ्याला दोघांसमोर विचारल्यावर बाहेर आलं. तो लपवालपवीचा प्रकार नव्हता. हंगामाच्या गर्दीत, जागा मिळेल तिथे हमालांनी माल टाकला होता.

नव्या लवादाने निवाडा दिला तो असा. ओलावा त्या दिवशी किती होता हे आता कुणालाच सांगता येत नाही आणि दाखवलेल्या गंजीवरून तो ठरत नाही, म्हणून ओलाव्याची 12 हजारांची कपात परत द्यावी. कवडी मात्र नमुन्यात स्पष्ट दिसते, ती कपात, म्हणजे 8 हजार, कायम. व्यापाऱ्याला सगळं मिळालं नाही आणि शेठजींचंही सगळं राहिलं नाही. दोघांनीही तो निवाडा मानला. कुणीही पुन्हा कोर्टाची पायरी चढलं नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. माझा हेतू वाईट नव्हता. कवडीबद्दल माझा निष्कर्षही चुकीचा नव्हता. मग बिघडलं कुठे? बिघडलं ते हे, की जिंकणाऱ्याला निवाड्यातून पैसे मिळतात, पण हरणाऱ्याला काय मिळतं? त्याला एकच गोष्ट मिळू शकते, आपलं म्हणणं पूर्णपणे ऐकून घेतलं गेलं याची खात्री. ती खात्री मी त्याला दिली नाही. आणि ती न दिल्यामुळे खरी माहितीही माझ्यापर्यंत पोचली नाही. ज्या कार्यपद्धतीला आपण कागदी सोपस्कार म्हणून हिणवतो, ती पाळली असती तर दव आणि गंजी, दोन्ही गोष्टी मला फुकटात कळल्या असत्या.

व्यापाऱ्यांनी आपला न्यायाधीश का निवडला?

हा विषय आपल्या भागाला नवा नाही. वऱ्हाडच्या कापसाला दीडशे वर्षांपूर्वी जगात नाव होतं. उमरावतीवरून पडलेल्या 'ऊमरा' या नावाने तो लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाई. खामगावच्या कापसासाठी 1870 मध्ये जलंबपासून रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. 1886 मध्ये शेजारच्या कारंजा इथे नियमन केलेला बाजार सुरू झाला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला मानला जातो. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. बाजार कुठे भरवायचा आणि त्यावर समितीने देखरेख कशी ठेवायची, याची ती सुरुवात होती.

जिथे एवढा व्यापार, तिथे तंटे असणारच. वजनाचा तंटा, प्रतीचा तंटा, भाव पडल्यावर माल न उचलण्याचा आणि भाव चढल्यावर माल न देण्याचा तंटा. हे तंटे दिवाणी न्यायालयात नेले तर निकाल लागेपर्यंत कापसाची रुई, रुईचं सूत आणि सुताचं कापड होऊन ते विरूनही जाईल. शिवाय कवडी म्हणजे काय, धागा किती लांब, हे न्यायाधीशांना समजावून सांगण्यात दोन तारखा जायच्या. म्हणून व्यापाऱ्यांनी जगभर एक वाट काढली. आपल्यातलाच जाणता माणूस निवडायचा आणि त्याचा शब्द मानायचा. लिव्हरपूलच्या कापूस दलालांची संघटना 1841 मधली. मुंबईत ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन 1921 मध्ये स्थापन झाली. लिव्हरपूलच्या त्या संस्थेला आज इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन म्हणतात. जगातल्या कापसाच्या सौद्यांपैकी बहुतेक सौदे तिच्या नियमांखाली होतात. तिथे प्रतीचा वाद वेगळा आणि कराराचा वाद वेगळा चालवतात. प्रतीचा वाद नमुना पाहून सुटतो, कराराचा वाद कागद वाचून. मी ज्याचं लवादाचं काम केलं, त्या प्रकरणात हे दोन्ही एकमेकांत मिसळले होते आणि मी दोन्ही एकाच चहात उरकले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. न्यायाधीश आपण निवडत नाही, सरकार नेमतं. त्याच्या मागे अपिलाची शिडी असते. लवादाचं तसं नाही. त्याचा निवाडा चुकला म्हणून सहसा अपील होत नाही. कायदा त्याला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा यांच्या काटेकोर बंधनांतूनही मोकळं करतो. एवढी मोकळीक दिल्यावर हातात काय उरतं? एक गोष्ट उरते. कायद्याचं कलम 18 सांगतं, दोन्ही पक्षांना समान वागवा आणि प्रत्येकाला आपली बाजू मांडायची पूर्ण संधी द्या. हे कलम 1985 च्या संयुक्त राष्ट्रांच्या नमुना कायद्यावरून आलं आहे. 1958 च्या न्यूयॉर्क करारातही हेच तत्त्व आहे. ज्याला नीट सूचना मिळाली नाही किंवा बाजू मांडता आली नाही, त्याच्यावर परदेशी निवाडा लादायला न्यायालय नकार देऊ शकतं.

यजितखताची गोष्ट

पण हे सगळं परदेशातून आलं असं समजू नका. मराठेशाहीतल्या न्यायाचे कागद पाहिले तर नवल वाटतं. वाद ऐकायला घेण्याआधी दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' घेत. आज राजीनामा म्हणजे पद सोडणं. त्या काळी त्याचा अर्थ राजीखुशीचा कागद. अमुक पंचांपुढे वाद चालावा, त्यांचा निर्णय आम्हांला मान्य, असं दोघंही लिहून देत. मग प्रत्येकाचा 'करीना', म्हणजे आपली बाजू सुरुवातीपासून सांगणारी हकिगत. साक्षी झाल्या, निर्णय झाला, की जिंकणाऱ्याला त्याचं पत्र मिळे. आणि हरणाऱ्याकडून 'यजितखत' घेत, म्हणजे मी हरलो आणि हे मला मान्य आहे, असा कागद.

मला या यजितखताचं फार कौतुक वाटतं. त्या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. दिव्य करायला लावण्यासारख्या गोष्टीही तीत होत्या आणि सगळ्यांना सारखा न्याय मिळे असंही नव्हतं. पण निर्णय पुरा केव्हा होतो, तर हरणारा मान्य करतो तेव्हा, ही समज त्यात होती. माझ्या त्या व्यापाऱ्याकडून पहिल्या निवाड्यानंतर मला यजितखत मिळालं नसतं. दुसऱ्या निवाड्यानंतर, कवडीचे 8 हजार गेले तरी, त्याने ते सुखाने लिहून दिलं असतं.

चांगली सुनावणी ओळखायची कशी?

आता थोडं व्यवहाराचं. आपली सुनावणी नीट होते आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखावं? सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सोहनलाल गुप्ता यांच्या प्रकरणात याची एक यादीच दिली आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर ती अशी. सुनावणी आहे याची सूचना मिळाली पाहिजे. आपले सल्लागार आणि साक्षीदार घेऊन हजर राहता आलं पाहिजे. सुनावणी चालू असताना पूर्ण वेळ बसता आलं पाहिजे. आपला पुरावा आणि युक्तिवाद मांडता आला पाहिजे. समोरच्याच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर दोन्ही बाजूंचा सगळा पुरावा आणि सगळे युक्तिवाद त्या सुनावणीतच झाले पाहिजेत.

या शेवटच्या गोष्टीतच आपल्याकडे घोटाळे होतात. लवाद ओळखीचा असतो. लग्नात भेटतो, बाजारात भेटतो. एक पक्ष सहज म्हणतो, "त्या दिवशी एक सांगायचं राहिलं." आणि लवाद ऐकून घेतो. फार पूर्वीच सर्वोच्च न्यायालयाने पय्यावुला वेंगम्मा यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे, की एका पक्षाच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं म्हणणं ऐकणं हे लवादाचं गैरवर्तन आहे. 2019 मध्ये सांगयाँग या कोरियन कंपनीच्या आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या वादात हाच मुद्दा वेगळ्या रूपात आला. तिथे लवादांनी बहुमताने दिलेल्या निवाड्यात अशा सरकारी मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला होता, ज्या प्रकरणाच्या कागदांत नव्हत्या आणि पक्षांना दाखवलेल्याही नव्हत्या. न्यायालयाने म्हटलं, अशाने पक्षाला बाजू मांडताच आली नाही, आणि निवाडा रद्द केला. म्हणजे पाहा, कोट्यवधींचा महामार्ग असो की 80 क्विंटल कापूस, चूक एकाच जातीची. एकाच्या पाठीमागे पाहिलेली गोष्ट.

दुसरा प्रश्न लवाद नेमतो कोण, हा. पुष्कळ छापील करारांत लिहिलेलं असतं, की लवाद आम्ही नेमू. पूर्वी हे खपून जायचं. 2015 च्या दुरुस्तीने लवादाचे पक्षाशी असलेले कोणते संबंध चालणार नाहीत, याची परिशिष्टंच कायद्याला जोडली. 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं योग्य नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे तत्त्व पक्कं केलं. समान वागणूक ही केवळ सुनावणीपुरती नाही, ती लवाद नेमण्यापासून सुरू होते, आणि एकाच पक्षाला एकमेव लवाद नेमू देणारं कलम त्या लवादाच्या निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका निर्माण करतं. तेव्हा चिठ्ठीमागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा नसेल तर मुलाकडून वाचून घ्या.

आपल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांनाही हे लागू आहे. राज्याच्या 1963 च्या पणन कायद्याच्या कलम 10 मध्ये मालाची प्रत, वजन, पैसे देणं यांबद्दलचे शेतकरी, खरेदीदार आणि अडते यांचे वाद सोडवण्याची तरतूद आहे. तिथे 1996 च्या कायद्याचे सगळे बारकावे नसतील, पण मूळ तत्त्व तेच. सोयाबीनचा ढीग पाहायला जाल तर दोघांना घेऊन जा. शेतकरी बैलगाडीपाशी उभा आणि पंच व्यापाऱ्याच्या गादीवर, असं चित्र असेल तर निकाल खरा असूनही शेतकऱ्याला तो खरा वाटणार नाही.

आणि उलटी बाजू

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'मला ऐकलं नाही' हे वाक्य काही लोक हत्यारासारखं वापरतात. नोटीस घ्यायची नाही, पोस्टमनला परत पाठवायचं, तारखेला यायचं नाही, आणि निवाडा विरुद्ध गेला की कोर्टात जाऊन सांगायचं, मला संधीच दिली नाही. कायदा इतका भोळा नाही. संधी देणं लवादाचं काम आहे, ती घेणं पक्षाचं. रीतसर सूचना देऊनही पुरेशा कारणाशिवाय जो येत नाही, त्याच्या गैरहजेरीत समोर असलेल्या पुराव्यावर निवाडा देता येतो. तसंच कार्यपद्धतीत काही चुकतं आहे हे कळत असूनही जो गप्प बसून पुढे जातो, त्याने आपला आक्षेप सोडून दिला असं धरलं जातं. म्हणून चूक दिसली की तिथेच, त्याच दिवशी, लेखी आक्षेप द्या. 2015 नंतर लवादालाही मुदत आहे. देशांतर्गत वादात दोन्ही बाजूंच्या कैफियती पूर्ण झाल्यापासून साधारण 12 महिन्यांत निवाडा व्हायला हवा. ऐकून घेणं म्हणजे तारखा वाढवत बसणं नव्हे.

व्यापारी आणि शेतकरी बंधू-भगिनींना माझं चार गोष्टींचं सांगणं आहे. माल उतरताना नमुना काढा, तो दोघांसमोर पिशवीत भरा आणि सील करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. ओलावा त्याच वेळी मोजा आणि आकडा, तारीख, वेळ हिशेबपट्टीवर लिहून घ्या, कारण कवडी पिशवीत टिकते, ओलावा टिकत नाही. लवादाला जो कागद द्याल त्याची प्रत समोरच्याला द्या, आणि त्याने दिलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. तोंडी सुनावणी हवी असेल तर तशी लेखी मागणी करा. निवाडा हातात आला की त्यावर लवादाची सही आणि निकालाची कारणं आहेत का, ते पाहा. आणि तो रद्द करून घ्यायचा असेल तर तीन महिने मोजा. त्यापुढे पुरेसं कारण दाखवलं तर 30 दिवस, पण त्याहून एक दिवसही जास्त नाही.

लवाद म्हणून बसणाऱ्यांना सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. त्या प्रकरणानंतरही माझ्याकडे काही वाद आले. आता माल पाहायचा असला, की मी आधी दोघांना लेखी कळवतो, वेळ दुपारची ठेवतो. ठरलेल्या वेळी फाटकाशी पोचलो आणि एकच पक्ष आलेला असला, तर आत जात नाही. आतून निरोप येतो, "वकीलसाहेब, उन्हात कशाला उभे राहता, आत या, चहा घ्या." मी नाही म्हणतो. काही जणांना तो अपमान वाटतो. मग मी त्यांना सांगतो, "शेठजी, चहा घेईन, पण दुसरे आले की तिघं मिळून घेऊ."

रस्त्यावर धूळ उडत असते, कापसाच्या गाड्या जात असतात. दहा मिनिटं, कधी अर्धा तास जातो. मग दुसरा माणूस मोटारसायकलवरून येतो, घाम पुसतो आणि मला बाहेर उभा पाहतो. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळतं, की हा माणूस उद्या हरला, तरी माझ्या दारात येऊन "मले काहून नाई बलावलं" असं विचारणार नाही.